झाकणावर एक, आत एक

कुंद्याच्या डब्यात सुया-दोरे.
मोसरूच्या बादलीत धुण्याचा चुरा.
शेवेच्या बरणीत औषधाच्या पावत्या,
आणि ज्याच्यावर आठ गुलाबजाम छापलेत,
पाकात बुडालेले, वर पिस्त्याचे काप,
त्यात खिळे.
शेजारचं पोर एकदा रडलं होतं तो डबा उघडून.

वडगावात, विणकरांच्या बोळात, आमच्या घरी
काही शोधायचं तर वाचून उपयोग नाही.
हलवून बघायचं.
खुळखुळलं तर बटणं,
गप्प राहिलं तर गूळ.

सून पुण्याची. पहिल्या दिवाळीत
तिनं चहात साखर घातली, ती मीठ निघाली.
"आई, सगळ्यांना लेबलं लावू या," म्हणाली.
लेबल आहेच की गे, कानडीत.
त्यावर मी कशाला दुसरं लावतो?
"लावतो नाही आई, लावते."
होय की. खरं आमच्यात बायकापण
जातो-येतोच म्हणतात.
माझी आई जन्मभर तसंच म्हणत आली,
आणि आत बाईच होती.

आईस्क्रीमच्या चौकोनी डब्यात अजून कांड्या आहेत,
अबोली रंगाचं रेशीम, अर्धं गुंडाळलेलं.
माग गेला भंगारात,
लोखंड वेगळं तोललं, लाकूड वेगळं.
कांड्या त्यानं मागितल्या नाहीत,
मीही काढून दिल्या नाहीत.

परसात दह्याच्या बादल्या, ओळीनं सतरा.
तळाला भोकं तीनच पाडायची,
चौथं पाडलं की बूड चिरतं.
खिळा शेगडीवर लाल करायचा, चिमट्यात धरायचा,
वास येतो तो नाकात दोन दिवस राहतो.
मिरची येते, वांगं येतं, कोथिंबीर रुसते.
दोन उन्हाळे काढतं प्लॅस्टिक,
तिसऱ्याला उचलायला गेलं की बोटात पापडासारखं मोडतं
आणि माती डब्याच्या आकाराची
तशीच उभी राहते थोडा वेळ.

एकच डबा या हिशेबात बसत नाही.
श्रीखंडाचा, निळ्या झाकणाचा.
पलीकडच्या नीलव्वाकडनं भिंतीवरनं आला,
शेंगाचटणी घालून. "तगोरी," म्हणाली.
खाली डबा परत धाडू नये, म्हणून मी अळूवडी धाडली.
तिनं होळगी. मी भडंग.
तिनं लिंबाचं लोणचं, मी त्यात
नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या.
झाकणावरचं श्रीखंड कधीच पुसून गेलं,
डबा कुणाचा हे दोघींनाही आठवेना.

एकदा पाट्यांना काळं फासलं होतं,
बस थांबल्या होत्या, चौकात पोलीस.
त्या दिवशीसुद्धा आला तो, भिंतीवरनं.
त्यात काय होतं?
आदल्या दिवशीची उरलेली वांगी.
भांडणाचा दिवस म्हणून कोण ताजं करतंय.

गेल्या चैत्रात तिला मुलानं हुबळीला नेलं.
गुडघे गेले होते, जिना चढवेना.
रिक्षात बसताना "बरतेन्री" म्हणाली,
म्हणजे येतो.
डबा त्या वेळी माझ्याकडं होता.
पाळी माझी होती.

आता भिंतीपलीकडं कुलूप आहे
आणि तिच्या अबोलीची एक फांदी
माझ्या बाजूला लोंबते.
म्हटलं, छाटून लावतो त्याच डब्यात,
आकार बरोबर आहे, मातीही भिजवून ठेवली.
शेगडी पेटवली, खिळा लाल केला,
डबा पालथा घातला.

भोक पाडलं की त्यात लोणचं राहत नाही.

थांबलो.
खिळा निवू दिला
आणि परत गुलाबजामात ठेवला.